संगीताची महागडी पदवी घ्यावी काय ?

(विद्यार्थी गुणगौरव मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीनंतर पुढे काय, ह्या विषयावर आम्ही दरवर्षी ह्याच मेळाव्यात बोलतो. डॉक्टर, इंजिनिअर, कृषी, पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा ही आमची यादी एव्हाना तुम्हांला पाठ झाली असेल. यंदा ती यादी आम्ही बाजूला ठेवणार आहोत, कारण गेल्या महिन्यात एक वेगळाच प्रश्न घेऊन कळमनुरी तालुक्यातील एक गृहस्थ संस्थेच्या कार्यालयात आले. एका शाळेत ते शिपाई आहेत. सेवानिवृत्तीस दोन वर्षे राहिली आहेत. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगा यंदा बारावी झाला. तो पेटी वाजवतो, कीबोर्ड वाजवतो आणि आपल्या गायन पार्टीत कोरसला बसतो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तुम्ही सर्वांनी त्याला ऐकले आहे. त्यांच्या परवानगीनेच हे सांगत आहोत, नावे मात्र घेणार नाही.

त्या मुलाला मुंबईच्या एका खाजगी संगीतशाळेत प्रवेश मिळाला आहे. तीन वर्षांचे शुल्क चौदा लाख, राहणे-खाणे धरून हिशेब वीस लाखांवर जातो. वडिलांनी पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, "साहेब, दोन एकर काढू का? पोराची डिग्री होईल."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी ह्याच कार्यालयात एक मुलगी आली होती. गळा असा की बुद्धपौर्णिमेला ती गाऊ लागली की मागच्या रांगेतील माणसे बोलायची थांबत. तिला संगीत शिकायचे होते. आम्ही मोठ्या वडीलकीने सांगितले, "बाई, गाण्याने पोट भरत नाही. डी. एड. कर, नोकरी पक्की." तिने ऐकले. डी. एड. झाली आणि २०१२ नंतर राज्यातील शिक्षक भरती कित्येक वर्षे थांबली. पक्की म्हणून आम्ही सांगितलेली वाट तिच्यासाठी बंद झाली, आणि गाणे तर आधीच सुटले होते. आज ती घरी शिलाईकाम करते. भेटली की आदराने जयभीम घालते, एका शब्दाने बोल लावीत नाही. तो आदरच आम्हांला टोचतो. म्हणून ह्या वेळी "गाण्याने पोट भरत नाही" हे वाक्य आम्ही उच्चारले नाही, आणि यापुढे संस्थेतील कोणीही ते सहज उच्चारू नये अशी आमची विनंती आहे.

हा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत ठेवला तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "वामनदादांकडे कोणती डिग्री होती?" प्रश्न रास्त आहे. लोककवी वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी जन्मले. लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरओळख झाली ती मोठेपणी मुंबईत. १९४३ साली त्यांनी पहिले गीत लिहिले आणि २००४ साली निधन होईपर्यंत गावोगाव गात राहिले. त्यांच्याही आधी भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे उभे केले. सभेच्या भाषणातून जे विचार पोहोचत नव्हते ते ढोलकीच्या ठेक्यावर वस्तीवस्तीत पोहोचले. शाहीर विठ्ठल उमप तर २०१० च्या नोव्हेंबरमध्ये नागपुरात दीक्षाभूमीच्या व्यासपीठावरच गेले. ह्यांच्यापैकी कोणाचे गाणे संगीताच्या पदवीवर उभे नव्हते.

परंतु बंधूंनो, वामनदादांना शाळा मिळाली नाही हा काही त्यांचा गुण नव्हे. ती त्यांच्यावर लादलेली उणीव होती, आणि ते मोठे झाले ते त्या उणिवेवर मात करून. त्यांचे उदाहरण देऊन आपल्या मुलाला शिक्षणापासून परतवणे म्हणजे त्यांच्या कष्टांचा उलटा अर्थ लावणे होय. आणखी एक गोष्ट आम्ही बैठकीत बोललो. कॅसेटच्या काळात आपल्या कितीतरी गायकांनी एकदाच मिळालेल्या रकमेवर गाणी दिली. कॅसेट गावोगाव वाजत राहिल्या, पुढचा पैसा दुसऱ्याकडे गेला. कागद काय होता, त्यावर सही कशाची केली, हे वाचणारे सोबत कोणी नव्हते. गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ पासून आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार व संगीतकार ह्यांचा रॉयल्टीतील वाटा अधिक पक्का केला. आपल्या गायन पार्ट्यांतील किती जणांना हे ठाऊक आहे? तेव्हा शिक्षण हवेच. प्रश्न एवढाच, की ते कोणत्या किमतीला आणि कोणाकडून.

मग आम्ही त्या शाळेचे माहितीपत्रक वाचावयास घेतले. कागद गुळगुळीत, चित्रे सुंदर, स्टुडिओ झकास. तीन वेळा वाचले. 'डिग्री' हा शब्द कोठेही नव्हता! 'डिप्लोमा' होता, आणि तोही शाळेचा स्वतःचा. तो देणारे विद्यापीठ कोणते ह्याचा उल्लेख नाही. फोन करून विचारले, तेव्हा विद्यापीठाशी संलग्नता नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. फसवणूक त्यांनी केलेली नाही. ज्या शब्दावर वडील दोन एकर विकावयास निघाले होते, तो शब्द त्यांच्याच मनातला होता.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या एका गोष्टीचे परिणाम किती होतात ते पाहा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नसेल तर समाजकल्याण खात्याची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. एरवी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यास, घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ती मिळते, आणि उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे. विद्यापीठाची पदवी नसेल तर पुढे एम. ए. नाही, एम. ए. नाही तर नेट किंवा सेट नाही, आणि नेट-सेट नाही तर महाविद्यालयात संगीताचा प्राध्यापक होण्याची नेहमीची वाट नाही. बँकेकडे जावे तर साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागतात, म्हणजे फिरून जमिनीचाच कागद. समजा वीसपैकी दहाच लाख कर्ज काढले, व्याज अकरा टक्के आणि मुदत दहा वर्षे. महिन्याचा हप्ता पावणेचौदा हजारांच्या आसपास येतो आणि एकूण फेड साडेसोळा लाखांवर जाते. आता आपल्या गायन पार्टीचा हंगाम आठवा. एप्रिल-मे, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सहा डिसेंबरच्या आसपासचे दिवस. सुपारी ह्याच दिवसांत येते. हप्ता मात्र बाराही महिने येतो.

कर्जाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्याएवढा संगीताचा प्रसार करणारा माणूस विरळा. त्यांनी मुंबईत विद्यालयाची इमारत उभारली ती कर्जावर, आणि ती अखेर लिलावात गेली. संगीताच्या शाळेचीच जेथे ही गत झाली, तेथे शिकणाऱ्याने कर्जापासून चार पावले दूर राहिलेले बरे.

पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली स्थापन केलेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ मात्र आजही परीक्षा घेते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा ह्या पायऱ्यांनी विशारदपर्यंत सात परीक्षा आणि पुढे अलंकार. परीक्षा शुल्क सामान्य घराला झेपणारे आहे. विशारद सर्वत्र पदवीच्या जागी चालते असे नाही, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक जाहिरातीत पात्रता वाचावी. पण शाळांतील संगीत शिक्षकाच्या जागांसाठी तिला वजन आहे. नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाचे पद असते, आणि आपल्या जिल्ह्याचे नवोदय तर वसमतलाच आहे. आकाशवाणीचे काय? परभणी केंद्रावर गायचे असेल तर ध्वनिचाचणी द्यावी लागते. तेथे तुमचा सूर ऐकून श्रेणी ठरते, प्रमाणपत्र पाहून नव्हे.

पदवीच हवी असेल तर ती जवळ आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील काही महाविद्यालयांत बी. ए. ला संगीत विषय घेता येतो, आणि विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. नांदेडला राहावे लागले आणि वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने शिकवते. मुंबई विद्यापीठात २००४ साली लोककला अकादमी निघाली, शाहिरीवर प्रेम असणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी. आणि ज्याची दूर जाण्याची तयारी आहे त्याने छत्तीसगडमधील खैरागढचे नाव लिहून घ्यावे. तेथील राजाराणीने आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. अकोला गाठावे, हावडा लाइनची गाडी धरून राजनांदगावला उतरावे, पुढे बस. सरकारी विद्यापीठ असल्याने शुल्क खाजगी शाळेच्या मानाने फारच कमी. मात्र राज्याबाहेर जाताना शिष्यवृत्तीचे काय, हे समाजकल्याण कार्यालयात आधी विचारावे, प्रवेश घेतल्यावर नव्हे.

काही मुले बोस्टनच्या बर्कली कॉलेजचे नाव घेतात. ए. आर. रहमान ह्यांना त्या संस्थेने २०१४ साली मानद डॉक्टरेट दिली, तेव्हापासून ते नाव आपल्याकडे अधिकच ऐकू येते. तेथे शिकवणीचेच वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या घरात होतात. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, परंतु ती पदव्युत्तर शिक्षण व पीएच. डी. साठी आहे, आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असलेल्या विद्यापीठांसाठी. बारावीनंतर लगेच तिच्या भरवशावर राहता येत नाही.

हे सगळे आम्ही त्या मुलाला समोर बसवून सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं ते सगळं नोकरीचं झालं. मला रेकॉर्डिंग शिकायचं आहे. चार वाद्यांचं गाणं कसं बांधतात ते शिकायचं आहे. नांदेडला ते कोण शिकवील?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. बैठकीतील सातही जणांत ध्वनिमुद्रणाचे अक्षर जाणणारा कोणी नाही. मुलाचे म्हणणे खरे आहे. त्या महागड्या शाळेत जे मिळते ते नुसते प्रमाणपत्र नाही. यंत्रे आहेत, त्या धंद्यात रोज काम करणारे शिक्षक आहेत, बरोबरीची मुले आहेत, पुढे काम देणाऱ्या ओळखी आहेत. ज्या घरात वीस लाख बाजूला पडलेले आहेत त्या घराने तेथे मुलाला जरूर घालावे, आम्ही नको म्हणणार नाही. परंतु ज्या घराचा निवृत्तीनंतरचा आधार तीन एकरच आहे, त्याने त्यातले दोन एकर ह्यासाठी विकू नयेत, असे आमचे मत आहे. शाळा पुढच्या वर्षीही असेल. विकलेले रान परत मिळत नाही, आणि आपल्या लोकांच्या नावावर सातबारा यायला किती पिढ्या गेल्या हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मुलाच्या प्रश्नावर नंतर आम्ही थोडी चौकशी केली. पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायची तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पहिली ते आठवी श्रेणीच्या परीक्षा भारतात देता येतात, एकेक करून, कमवत कमवत. रेकॉर्डिंगचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम मोठ्या शहरांत आहेत. बी. ए. करताना एखाद्या सुट्टीत ते करता येतील. आणि एखाद्या स्टुडिओत वायरी गुंडाळण्यापासून कामाला लागावे, ही जुनी वाट अजून बुजलेली नाही. हे सगळे मिळून त्या शाळेएवढे होईल असे आम्ही म्हणत नाही. कमीच पडेल. पण कमी पडले तर पुढे भरून काढता येते.

आपल्या जिल्ह्याला गाणे नवे नाही. नर्सीच्या नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात रागांनुसार लावलेली आहेत आणि नांदेडच्या गुरुद्वारातही ग्रंथसाहिबाचे कीर्तन चालते. नांदेडला प्रवेश घेतलास तर तेथे जाऊन तासभर बसत जा, रागाची ओळख फुकट होईल, असे आम्ही मुलाला म्हणालो. तो हसला. होकार मात्र अजून दिलेला नाही, आणि तो त्याचाच निर्णय आहे.

वडिलांना आम्ही सातबारा परत पिशवीत ठेवावयास सांगितले. कार्यकारिणीने ठरविले आहे की मुलगा जेथे मान्यताप्राप्त संगीत अभ्यासक्रमाला जाईल तेथील पहिल्या वर्षाचे परीक्षा शुल्क आणि पुस्तके संस्था देईल. संस्थेची जुनी पेटी त्याच्याकडे आहे, ती परत मागितली जाणार नाही. आणि ज्या ताईंविषयी आम्ही सुरुवातीस बोललो, त्यांना आम्ही स्वतः घरी जाऊन भेटलो. दर रविवारी सकाळी दहा वाजता विहारात लहान मुलांना गाणे शिकविण्याचे त्यांनी मान्य केले आहे. त्यांना मानधन दिले जाईल, फुकट नव्हे. वर्ग येत्या रविवारपासून सुरू होईल. ज्यांना आपली मुले पाठवायची असतील त्यांनी आज जाताना चिटणिसांकडे नावे नोंदवावीत.