दिवाळीची पहाट सुरांसाठी राखू या

(दिवाळीपूर्वी झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



दिवाळी आठ दिवसांवर आली आहे. घरोघरी चकलीच्या भाजणीचा वास दरवळू लागला आहे, आणि त्याबरोबरच एक प्रश्नही ऐकू येऊ लागला आहे : “दिवाळी पहाटेच्या प्रवेशिका मिळाल्या का?” मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत आज ‘दिवाळी पहाट’ हा सणाचाच एक भाग झाला आहे. अभ्यंगस्नान करून, नवी वस्त्रे लेवून, आजीपासून नातवापर्यंत सारे घर गाणे ऐकायला निघते, हे दृश्य मोठे आनंददायी आहे. या आनंदाचे मोल आपण पुरते ओळखले आहे का, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सहकुटुंब गाणे ऐकणे आपल्याला स्वाभाविक वाटते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. अभिजात संगीत राजदरबारांत आणि धनिकांच्या खाजगी बैठकींत होते. ज्या गायिकांनी ही विद्या जिवापाड सांभाळली, त्यांना समाजाने प्रतिष्ठा दिली नाही आणि मध्यमवर्गीय घरांनी गाण्याकडे पाठ फिरवली. ही कोंडी फोडणाऱ्यांमध्ये अग्रणी होते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या या मुलाच्या डोळ्यांना बालपणी फटाक्याच्या स्फोटाने गंभीर इजा झाली. शिक्षणाची वाट खुंटली, म्हणून तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. पुढे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. सामान्य गृहस्थाने पत्नी-मुलांसह मानाने बसून गाणे ऐकावे, ही परंपरा अशा तपश्चर्येतून आली आहे. दिवाळीत फटाक्याची वात पेटवताना आणि पहाटेच्या मैफलीत बसताना, दोन्ही वेळी त्यांचे स्मरण व्हावे.

आता पहाटेच्या वेळेविषयी. आपल्या संगीताने दिवस-रात्रीच्या आठ प्रहरांना राग वाटून दिले आहेत. रात्र आणि दिवस जिथे भेटतात त्या वेळेच्या रागांना संधिप्रकाश राग म्हणतात. सायंकाळी पूरिया आणि मारवा, तर उजाडण्याच्या सुमारास ललत, भटियार, भैरव. आपल्या बहुतेक मैफली सायंकाळी होतात. साहजिकच यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री आपल्या कानांवर पडतात. ललत किंवा रामकली समोर बसून ऐकण्याचा योग वर्षानुवर्षे येत नाही. पूर्वी रात्रभराच्या मैफली तो योग आणत. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची अखेरची बैठक उजाडेपर्यंत रंगत असे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद झाले. सणासुदीच्या मोजक्या दिवसांची सवलत मिळते, तीही मध्यरात्रीपर्यंतच. रुग्ण आणि विद्यार्थी यांचा विचार करता हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे प्रातःकालीन रागांना हक्काची म्हणावी अशी जागा फारशी उरली नाही. दिवाळीची पहाट ही त्यांपैकी एक आहे.

आणि तीच आपण कशी घालवतो? काही वर्षांपूर्वीचा माझा अनुभव सांगतो. कार्यक्रम पहाटे सहाचा होता. गायक वेळेआधी येऊन तानपुरे जुळवून बसले होते. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचा सत्कार, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांचे मनोगत असे सारे यथासांग पार पडले. गायकांसमोर ध्वनिक्षेपक आला तेव्हा मंडपावर ऊन आले होते. ते शांतपणे म्हणाले, “ललत गाण्याचे मनात होते. आता ती वेळ गेली. तोडी ऐकवतो.” तोडी उत्तमच झाली. परंतु माझ्या शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा मी विसरलो नाही. ते ललतसाठी चार वाजता उठले होते.

आपल्यापैकी अनेक जण असे कार्यक्रम योजतात. त्यांना हात जोडून विनंती आहे : सत्कार मध्यंतरात करा, आभार दोन वाक्यांत माना, पहिला अर्धा तास केवळ सुरांचा असू द्या. सूर्य कोणत्याही पाहुण्यासाठी थांबत नाही.

श्रोते म्हणून आपलेही काही कर्तव्य आहे. मुलांना नुसते शेजारी बसवून गाण्याची गोडी लागत नाही. आदल्या रात्री त्यांना सांगावे की तबल्यावर तीनताल लागला तर सोळा मात्रा मोज, समेवर कोणाची मान डोलते ते पाहा, बंदिशीचा मुखडा किती वेळा परत येतो ते ध्यानात ठेव. हा खेळ मुलांना आवडतो, आणि खेळता खेळता कान तयार होतो. भ्रमणध्वनी खिशात राहू द्यावा. गाणे टिपून ठेवण्याच्या नादात ते ऐकायचे राहून जाते. भैरवी होईपर्यंत उठू नये. फराळ कुठे पळून जात नाही!

जाताना एकटे जाऊ नका. आपल्या इमारतीत असे आजी-आजोबा असतात ज्यांची मुले परदेशी आहेत. त्यांच्या दारी आकाशकंदील लागतो, पण दिवाळीच्या सकाळी बोलायला कोणी नसते. एक प्रवेशिका त्यांच्यासाठी घ्या, हात धरून घेऊन जा. त्यांना जुन्या मैफली आठवतील, आणि परतताना तुमच्या मुलांना त्या ऐकायला मिळतील.

प्रवेशिका मिळाली नाही तरी खंत नको. भाऊबीजेला सगळी भावंडे जमतातच. माळ्यावरची पेटी खाली काढा, धूळ झटका. आत्येला एखादे नाट्यपद येत असेल, भाच्याने तबल्याची एखादी परीक्षा दिली असेल. सूर थोडा हलेल, शब्द विसरतील, सगळे हसतील. तीही मैफलच आहे. ज्या घरात कोणीच गात नाही, त्या घराला श्रोते तरी किती काळ मिळणार? पलुसकरबुवांनी गाणे आपल्या उंबरठ्यापर्यंत आणून दिले. त्याला आत घेणे आपल्या हाती आहे.

आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. पहाटे भेटूच, वेळेवर!