नाणं घासू नका, वाचा



दोस्तहो, माझ्या नानीकडे जुन्या रुपयांची माळ होती. इथं एटापल्लीत माडिया आजींच्या गळ्यात दिसते तशीच. दर ईदेला आम्ही मुलं ती चिंच आणि राखेनं घासायचो. रुपये चकाकायचे. फारसी अक्षरं मात्र झिजत गेली. आज ते रुपये कुठल्या टांकसाळीचे, हे मला सांगता येत नाही.

म्हणून आज नाण्यांविषयी बोलतो. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न तुम्हालाही विचारला जात असेल. नाण्यांकडे त्याचं चांगलं उत्तर आहे.

'दिनार' आणि 'दिरहम' आपण इस्लामी मानतो. पहिला शब्द रोमी, दुसरा ग्रीक. महमूद गझनवीनं १०२७-२८ मध्ये लाहोरला पाडलेल्या दिरहमवर एका बाजूला अरबी कलमा आहे, दुसऱ्या बाजूला त्याचा संस्कृत तर्जुमा: 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'. त्यामुळे त्याच्या स्वाऱ्या पुसल्या जात नाहीत. पण बाजारात चालायचं तर रयतेची भाषा हवी, हे त्यालाही कळत होतं. मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर लक्ष्मी आहे. आणि आपला हा चांद्याचा मुलूख अठराव्या शतकात ज्यांच्याकडे आला, त्या नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावर फारसी अक्षरं आणि दिल्लीच्या बादशहाचं नाव! नाण्याला धर्म नसतो, पत असते.

नाशिकजवळ अंजनेरीला एका खासगी संस्थेनं १९८० पासून नाणेशास्त्राचं काम उभं केलं. तिथं नाण्यांचं संग्रहालय आहे. आपल्याला जवळ नागपूरचा अजब बंगला. मुलांना घेऊन जा.

घरी जुनं नाणं असेल तर तीन गोष्टी करा. घासू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा. मग हिजरी सन शोधा: त्याला ०.९७ नं गुणा, ६२२ मिळवा. ११०० हिजरी म्हणजे १६८९. आकडे लागले नाहीत तर मशिदीतल्या मौलानांना विचारा. अरबी आकडे ते वाचतील.

शेतात हंडा सापडला तर सोनाराकडे धावू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं गाडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. वितळलेली चांदी आठवड्यात संपते. कुठं, कधी, कुणाची हे सांगणारा साक्षीदार मात्र कायमचा जातो.

नानीचे रुपये मी मुके केले. तुमच्या घरचे अजून बोलत असतील. त्यांना विचारा.