विसार आणि तारण

त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात बुडी मारून माणूस काठावर येतो, तेव्हा आजवरचं धुतलं गेलं असं त्याला वाटतं. पण उद्याचं काय? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. पाप करायला माणूस तितका थांबत नाही.

इथून तीसेक किलोमीटरवर, नाशिकमध्ये शरणपूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न अधिक अडचणीचा, कारण बाप्तिस्मा एकदाच होतो. मग विश्वास ठेवल्यावरही जो पाप करतच राहतो, त्याचं तारण जातं का?

मराठी ख्रिस्ती माणूस मुक्तीला ‘तारण’ म्हणतो. आपण बाकीचे हा शब्द बँकेत ऐकतो. दागिने तारण ठेवले, हप्ते थकले, की दागिने गेले. भाविकाच्या मनातली भीती नेमकी अशीच असते. पण मराठी बायबलात पौलाच्या एका पत्रात याच बाजारातला दुसरा शब्द आहे, ‘विसार’. पवित्र आत्मा हा देवानं दिलेला विसार. जमिनीचा व्यवहार केलेल्यांना ठाऊक आहे, विसार घेणारा देतो आणि त्यानं माघार घेतली तर विसार बुडतो. इथे देणारा देव आहे. तो माघार कशाला घेईल?

कॅल्विनचं म्हणणं साधारण असंच होतं. देवानं धरलेला हात सुटत नाही. जो कायमचा निघून गेला, तो मुळात त्याचा नव्हताच. हॉलंडमधल्या डॉर्ट गावी १६१८-१९ साली भरलेल्या धर्मसभेनं हाच पक्ष उचलून धरला. पुढे मेथॉडिस्ट पंथाचा वेस्ली म्हणाला, व्यवहाराला दोन बाजू असतात, माणूसही विसार परत करू शकतो. वसईच्या कॅथलिक माणसाला विचाराल तर तो सांगेल, घोर पापानं कृपा जाते, पण पापनिवेदनाला धर्मगुरूपुढे गुडघे टेकले की ती परत मिळते.

इस्लामच्या पहिल्याच शतकात हा वाद पेटला होता. मोठं पाप करणारा मुसलमानच उरत नाही, असं खारिजी म्हणाले आणि त्यापायी तलवारी निघाल्या. बहुतेक उलेमांनी ते मानलं नाही. पापी, हो, बाहेरचा, नाही. तौबेचं दार उघडं.

रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचा तापट स्वभाव गेला का? लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवऱ्याचं काही झाकून ठेवायचं त्या बाईंच्या गावीही नव्हतं! तरी त्या पानांवर टिळकांच्या तारणाविषयी शंका कुणाच्या मनात येत नाही. चिडून, पस्तावून, पुन्हा देवाकडे वळणारा माणूस तिथे दिसतो.

मला कॅल्विन आणि वेस्ली यांच्यातलं अंतर पुस्तकात मोठं वाटतं, देवळात फार लहान. ‘विसार मिळालाय, आता काहीही करा’ असं दोघेही म्हणू देत नाहीत. खरी अडचण प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहणाऱ्याची आहे. दारू सुटत नाही, म्हणून तो भाकरीला हात लावत नाही. तो गेलेला नाही. गेला असता तर रविवारी सकाळी घरी झोपला असता. पाळकानं त्याच्याशेजारी जाऊन बसावं. डॉर्टचा निकाल नंतर सांगता येईल.