हापसा बसवल्यानंतर



विनामोबदला परक्या गावी जाऊन काम करणारे इतके मराठी अभियंते जबलपूरच्या सराफ्यात एकत्र आले, याचा मला मनापासून आनंद आहे. मला एवढंच सांगायचं आहे की उद्घाटनाचा नारळ फुटला की आपलं काम सुरू होतं.

जालन्याची गोष्ट घ्या. 1960च्या दशकात मराठवाड्यात बोअर खणले गेले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे हापसे बसले. मुळात ते परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या परसासाठी घडवलेले. इथे पहाटेपासून अख्खं गाव त्यांवर लोटलं. खिळी झिजल्या, दांडे मोडले, हापसे बंद पडले. तेव्हा जालन्याच्या स्कॉटिश मिशनमधल्या मंडळींनी ओतीव लोखंड सोडून पोलाद घेतलं आणि दांडा एकाच आसावर फिरवला. सोलापुरात ही रचना आणखी पक्की झाली. तिच्यावरूनच पुढे युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रडास यांच्या प्रयत्नांतून ‘इंडिया मार्क दोन’ आला. कोइम्बतूरच्या बाजूला खोल बोअरवर त्याची कसून चाचणी झाली. त्यावर कुणी पेटंट घेतलं नाही, म्हणून तो घानापर्यंत पोचला. युगांडात त्याला ‘यू-टू’ म्हणतात.

पण त्यातही उणीव होतीच. आतला वॉशर झिजला की तिपाई उभारून सगळे पाइप उपसायचे. त्यासाठी चार-पाच माणसं, जड पाने आणि तालुक्याहून येणारी गाडी. ती गाडी येईपर्यंत बाया पुन्हा नाल्यावर. ‘मार्क तीन’मध्ये पाइप रुंद केला आणि दट्ट्या वरूनच काढता येऊ लागला. इथून फार दूर नसलेल्या बांदा जिल्ह्यात ‘महिला समाख्या’ने गावातल्याच दलित-आदिवासी बायकांना हापशाची दुरुस्ती शिकवली. माझ्या मते नव्या रचनेइतकंच हे अभियांत्रिकीचं काम आहे.

आणि हापसा उत्तम चालतोय, एवढ्यावरही समाधान मानू नका. आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या तिलाईपानीत पोरांचे गुडघे वाकडे होऊ लागले. जबलपूरच्याच आदिवासी आरोग्य संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी शोध घेतला, तर दोष पाण्यातल्या फ्लोराइडचा निघाला. यंत्र धडधाकट आणि पाणी घातक! कुणी परत गेलं, पाणी तपासलं, म्हणून कळलं. बाहेरच्या पेढ्यांवर दहा वर्षांपूर्वी विकलेल्या दागिन्यालाही सोनार डाख लावून देतो. आपणही तितकं उत्तरदायी असायला हवं.

कॅनडातल्या ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ने 2008पासून स्वतःच्या फसलेल्या कामांचे अहवाल छापले. देणगीदार काय म्हणतील, ही भीती बाजूला ठेवून छापले. आपल्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत फिती कापतानाचे फोटो असतात. बंद पडलेल्या कामांची यादीही त्यात आली पाहिजे.

इथे 1947 साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी बसले आहेत, निवृत्त मंडळी आहेत. पावसाळा सरला की मंडला-दिंडोरीकडे चला. नवा हापसा एकही बसवायचा नाही. आहेत ते तपासू, पाण्याचे नमुने घेऊ, प्रत्येक गावात दोघी-तिघींना दुरुस्ती शिकवून पाने आणि वॉशर त्यांच्याच हाती ठेवू. आणि वर्षभराने पुन्हा जाऊ. ज्यांना यायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी संयोजकांकडे नावं द्यावीत.