हेतू, निमित्त आणि निदान
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



एखादी संस्था पन्नास वर्षे पूर्ण करते तेव्हा तिने काय केले याचा हिशेब मांडला जातो. वास्तू, शिष्यवृत्त्या, औषधोपचार, पाणपोया यांची यादी होते. ते योग्यच आहे. परंतु 'काय केले' या प्रश्नाच्या मागे 'कशामुळे केले' हा दुसरा प्रश्न नेहमी उभा असतो आणि जैन विचाराने या दुसऱ्या प्रश्नालाच अधिक महत्त्व दिले आहे.

त्याचे उत्तर देण्यासाठी मराठीत एक नव्हे, अनेक शब्द आहेत : कारण, हेतू, उद्देश, प्रयोजन, प्रेरणा, निमित्त. बोलण्याच्या ओघात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मात्र त्यांच्या सोबतीला येणारी क्रियापदे पाहिली, की त्यांतील भेद आपोआप स्पष्ट होतो. उद्देश ठरवला जातो. हेतू मनात धरला जातो. प्रेरणा मिळते. निमित्त घडते. प्रयोजन असते किंवा उरत नाही. ठरवणे, धरणे, मिळणे आणि घडणे या चार निरनिराळ्या क्रिया आहेत.

न्यासाच्या घटनापत्रात 'उद्देश' लिहिलेले असतात. 'हेतू' असा रकाना तेथे नसतो. उद्देश चार माणसांनी एकत्र बसून ठरवलेला, कागदावर उतरलेला आणि म्हणून तपासता येण्याजोगा असतो. हेतू मात्र ज्याचा त्याच्या अंतःकरणात राहतो. म्हणूनच दुसऱ्याच्या मनात वाईट हेतू असल्याचे ठरवून टाकण्याला मराठीत 'हेत्वारोप' असा स्वतंत्र शब्द आहे. 'उद्देशारोप' असा शब्द नाही. जे दिसते त्याविषयी आरोप करण्याची गरज पडत नाही, प्रमाण देता येते.

एक साधे उदाहरण घ्यावे. लातूरच्या कडक उन्हाळ्यात चार गृहस्थ एका पाणपोईला सारखीच देणगी देतात. पहिला वडिलांच्या स्मरणार्थ देतो. दुसरा शेजाऱ्याने दिली म्हणून ईर्षेने देतो. तिसऱ्याने बालपणी १९७२चा दुष्काळ पाहिलेला असतो. तहानेने कोरडे पडलेले ओठ त्याला विसरता येत नाहीत. चौथ्याला निवडणुकीस उभे राहायचे असते. पहिल्याला निमित्त आहे, दुसऱ्याला ईर्षा आहे, तिसऱ्याला कळवळा आहे, चौथ्याला अंतःस्थ हेतू आहे. पाणी मात्र चौघांचेही सारखेच थंड आहे. वाटसरूची तहान देणाऱ्याचा हेतू विचारत नाही, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावयास हवी. मग भेद कोठे पडतो? तो पडतो तिसऱ्या उन्हाळ्यात. शेजाऱ्याने देणगी थांबवली की दुसऱ्याची ईर्षा शमते, निवडणूक संपली की चौथ्याचे प्रयोजन संपते, आणि पाणपोईचे रांजण कोरडे राहतात.

येथे जैन दर्शनातील निमित्त आणि उपादान हा भेद उपयोगी पडतो. घडा होण्यास कुंभार व चाक निमित्त असतात. घड्याचे उपादान माती असते. माती नसेल तर चाक कितीही फिरले तरी घडा होत नाही. व्यवहारातील मराठीनेही हे ओळखले आहे. 'अल्पशा आजाराचे निमित्त झाले' असे म्हणताना मृत्यूचे सगळे कारण त्या आजारात होते असे कोणी मानत नाही. 'निमित्ताला टेकलेला' या प्रयोगात तर मनात आधीच काही भरून राहिले आहे, बाहेरून केवळ धक्का हवा आहे, असेच सुचवलेले असते.

या भूमीने असा एक भीषण धक्का अनुभवला आहे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. मंदिरांतून दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. गावोगावी गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा जड भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. हजारो जीव गेले. पुढे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

हे निमित्त साऱ्या महाराष्ट्रापुढे एकाच वेळी उभे राहिले. धान्य, कपडे, भांडी घेऊन मालमोटारी आल्या. ती मदत अत्यंत गरजेची होती आणि काही महिन्यांत ती ओसरणेही स्वाभाविक होते. परंतु शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. हे काम काही आठवड्यांत उरकणारे नव्हते. पाचवीतल्या मुलाला शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचण्यासच पाच-सहा वर्षे लागतात. तोवर भूकंपाची बातमी वर्तमानपत्रातून नाहीशी झालेली असते. रोजचे जेवण, आजारपण, रात्री घराच्या आठवणीने रडणारे मूल, या सगळ्यांना तेव्हा कोणतेही नवे निमित्त नसते. या कामात झटलेल्या प्रत्येकाच्या अंतःकरणात कोणता हेतू होता, हे बाहेरच्या कोणालाही सांगता येणार नाही. तसे सांगण्याची गरजही नाही. उद्देश स्पष्ट होता आणि निमित्त सरल्यानंतरही काम चालू राहिले, हे पुरेसे बोलके आहे.

पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत पाण्याचा थेंबन्‌थेंब जपणारी घरे पहिला चांगला पाऊस पडताच तोटी उघडी ठेवू लागली असतील, तर ती बचत निमित्ताची होती, व्रताची नव्हती.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृतीचे एक सूक्ष्म गणित मांडले आहे. कृतीचा मनाशी निश्चय होणे म्हणजे संरंभ, तिच्यासाठी साधने जमवणे म्हणजे समारंभ आणि ती प्रत्यक्ष सुरू करणे म्हणजे आरंभ. या तीन पायऱ्या मन, वचन आणि काया यांनी घडतात; स्वतः केलेल्या, दुसऱ्याकडून करवलेल्या किंवा अनुमोदिलेल्या असतात; आणि त्यांच्या मागे क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी एखादा कषाय असतो. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, असे १०८ प्रकार होतात. जपमाळेच्या १०८ मण्यांचा संबंध परंपरेने या संख्येशी जोडला आहे. आजच्या मराठीत 'समारंभ' म्हणजे सोहळा. शास्त्रात मात्र ती मधली पायरी आहे. तिच्या आधी निश्चय असावा लागतो आणि तिच्या नंतर काम सुरू व्हावे लागते. मंडप, हारतुरे आणि भाषणे यांवर जो समारंभ संपतो, तो अर्ध्या वाटेवरच थांबलेला असतो.

शेवटचा शब्द आहे 'निदान'. व्यवहारात त्याचा अर्थ 'किमान' असा होतो. वैद्याकडे तो रोगाची ओळख ठरतो. जैन परिभाषेत मात्र निदान हे माया आणि मिथ्यात्व यांच्या जोडीचे तिसरे शल्य आहे. तप केले, दान दिले, आणि त्याच्या बदल्यात अमुक फळ मिळावे अशी गाठ मनात बांधली, की ते निदान झाले. शल्य म्हणजे रुतलेला काटा. काटा रुतलेला माणूस चालतो, पण प्रत्येक पावलाला त्याचे लक्ष काट्याकडेच असते.

देणगीदाराच्या नावाची पाटी लावावी की लावू नये, हा वाद संस्थांतून वारंवार होतो. या शब्दांच्या प्रकाशात त्याचे उत्तर सोपे होते. पाटी वाचून दुसऱ्यास द्यावेसे वाटले, तर ती प्रेरणा ठरते. पाटीवरील अक्षरे शेजारच्या नावापेक्षा लहान का, या विचाराने दात्याची झोप उडाली, तर तीच पाटी निदान ठरते. संगमरवर एकच असतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात भाविकांचे जोडे सांभाळणाऱ्या सेवेकऱ्याचे नाव कोणत्याही पाटीवर नसते, तरीही ती सेवा अखंड चालते, हे या परिसरातील प्रत्येकाने पाहिलेले आहे.

दुसऱ्याचा हेतू तपासण्याचा अधिकार कोणालाही नाही. संस्थेचा उद्देश तपासण्याचा अधिकार सर्वांना आहे. आणि स्वतःचा हेतू तपासणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. प्रतिक्रमणाचे स्थान नेमके येथेच आहे. सुवर्णमहोत्सव हेही एक निमित्तच. ते आज सायंकाळी संपेल. उपादान शिल्लक आहे की नाही, हे एक्कावन्नाव्या वर्षी, कोणताही मंडप नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी, पाणपोईचा रांजण भरलेला आहे का, हे पाहून कळेल.

॥ जय जिनेंद्र ॥