मागावरचं वस्त्र, कॅमेऱ्यातली घडी

आज दोन बायांची गोष्ट सांगते. एकीच्या हाती माग होता, दुसरीच्या हाती कॅमेरा.

पहिली इव्हा पामर. मूळची अमेरिकेची, लग्न होऊन ग्रीसला गेली. तिथं डेल्फीला डोंगरउतारावर दगडी पायऱ्यांचं प्राचीन नाट्यगृह आहे. त्या ओसाड जागी पुन्हा जुनी ग्रीक नाटकं व्हावीत, असं इव्हानं आणि तिचा नवरा कवी अँगेलोस सिकेलियानोस यानं ठरवलं. १९२७ च्या मे महिन्यात तिथं प्रोमिथियसचं नाटक झालं. त्यात समुद्रकन्या झालेल्या मुलींचा मोठा ताफा होता. त्यांची वस्त्रं इव्हानं हातमागावर विणली. जुन्या मातीच्या भांड्यांवरची चित्रं बघून तिनं त्यांचा नाच बसवला. खेड्यातल्या बायांच्या विणकामाचं प्रदर्शनही महोत्सवात मांडलं होतं. आपल्या मुंबईच्या खुर्शीदबेन नौरोजी, म्हणजे दादाभाईंची नात, याच इव्हाकडे ग्रीक संगीत शिकायला राहिल्या होत्या.

दुसरी नेली. जन्म आताच्या तुर्कस्तानातला, घर ग्रीक. जर्मनीत फोटोग्राफी शिकून तिनं अथेन्समध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. बाईनं स्टुडिओ चालवणं तेव्हा सोपं नव्हतं. डेल्फीच्या नाटकाचे फोटो तिनं काढले. उन्हात उभ्या मुली, वर उचललेले हात आणि अंगावरच्या कापडाची एकेक चुणी त्यांत दिसते.

१९३० मध्ये दुसरा महोत्सव झाला. पण खर्च झेपला नाही, नवराबायको कर्जात बुडाली आणि काम थांबलं. गाणं हवेत विरलं, नाच संपला. नेलीचे फोटो मात्र अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात आजही आहेत.

एक गोष्ट ध्यानात घ्या. फोटोत वस्त्र दिसतं, विणणारीचं नाव दिसत नाही. ते आपल्याला कळतं, कारण इव्हानं आत्मचरित्रात आपल्या विणकामाबद्दल लिहून ठेवलं.

आपल्या गटांचे फोटो कसे असतात? पाहुणे मधे, हार, बॅनर आणि आपण कडेला. गोधडी, पापड, टोपल्या कुठंच नाहीत! आता मोबाईल घराघरात आहे. तेव्हा कामाचा फोटो काढा, काम करणारे हात त्यात येऊ द्या. गटाच्या वहीत तारीख, गाव आणि करणारीचं पूर्ण नाव लिहा. उद्या तुमची नात विचारेल, "ही गोधडी कुणी शिवली?" तर उत्तर वहीत सापडायला हवं.