बाद झालेलं मूल कुठे जातं?

प्राथमिक शाळेतल्या मुलांना खेळाची गोडी कशी लावावी, यावर बोला असं मला सांगितलंय. खरं म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला ती लावावी लागत नाही. मधली सुट्टी झाली की पोरं डबा अर्धा टाकून पळतात, हे कुठल्याही आईला विचारा. प्रश्न असा आहे, की पहिलीत धावणारं हेच मूल पाचवीपर्यंत "मला नाही खेळायचं" म्हणायला कुठे शिकतं? शारीरिक शिक्षण शिकवणारा माणूस म्हणून माझं उत्तर थोडं अडचणीचं आहे. पुष्कळदा ते मैदानावरच शिकतं.

पीटीच्या तासाचा साधा हिशेब करू. वर्गात 40 मुलं. हजेरी, रांगा, शिट्टी यांत वेळ गेल्यावर हातात उरली 30 मिनिटं. सर एकच रांग लावतात. एकेकानं पळत जायचं, खुणेला शिवून परत यायचं. एका मुलाला लागतात 15 सेकंद, म्हणजे सगळ्यांची एक फेरी व्हायला 10 मिनिटं. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या, म्हणजे एकूण 45 सेकंदांची धाव. उरलेला वेळ उन्हात उभं राहायचं, पुढच्याचा शर्ट ओढायचा आणि ओरडा खायचा. आता त्याच मुलांच्या पाच-पाच जणांच्या आठ रांगा करा. सव्वा मिनिटानं पाळी परत येते आणि तेच मूल 24 वेळा धावतं. 45 सेकंदांची सहा मिनिटं झाली. मैदान तेच, सर तेच, खर्च शून्य. फक्कीच्या चार रेघा जास्त माराव्या लागल्या, एवढंच.

दुसरी अडचण बाद होण्याची. लंगडी घ्या. लंगडी घालणारा आत येतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात कोण बाद होतं? जो जरा जाड आहे, जी नवीन आहे, ज्याचा तोल जातो ते. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात आधी कडेला जाऊन बसतो. चपळ मुलगा शेवटपर्यंत खेळतो आणि आणखी चपळ होतो. आठवडाभर असं चाललं, की कडेला बसणाऱ्याला ती जागा आपलीच वाटायला लागते. मग शिक्षक पालकांना सांगतात, "याला खेळाची आवड नाही."

स्पर्धेत नियम पाळायचेच. रोजच्या तासाला मात्र ते थोडे वाकवावेत. लंगडीत बाद झालेल्यानं रेषेबाहेर दुसऱ्या पायावर दहा उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. खो-खोच्या एका डावात मैदानावर मावतात बारा जण, नऊ पाठलाग करणारे आणि तीन पळणारे. उरलेले अठ्ठावीस काय करणार? टाळ्या वाजवणार! त्यापेक्षा तिसरी-चौथीसाठी चार-चार गड्यांचे छोटे खो आखा, शेजारी शेजारी तीन-चार. पुण्याच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी 2025 साली खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, ते मुलांना जरूर सांगा. पण सांगून झाल्यावर त्यांना खेळायला जागा द्या.

आपल्या गल्लीतल्या खेळांना ही अडचण कधीच कळली होती. साखळीच्या पकडापकडीत सापडलेला गडी बाहेर जात नाही, तो साखळीला जोडला जातो आणि आणखी पळतो. विषामृतात "विष" मिळालेला जागीच थिजतो, पण कुणीतरी "अमृत" म्हणून शिवलं की सुटतो. धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू करून घेतात. तो सगळ्यांबरोबर धावतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. हे नियम मुलांनीच केले, कारण गडी कमी पडले तर खेळ मोडतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात आम्ही याहून फार वेगळं काही शिकवत नाही.

इथे वर्गशिक्षकांची बाजूही मांडायला हवी. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान सांगितलंय. शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद मात्र सहावी ते आठवीसाठी आहे, तीही शंभरावर पट असेल तर. म्हणजे पहिली ते पाचवीचा खेळाचा तास ज्या बाई गणित शिकवतात त्यांनीच घ्यायचा. बालभारतीचं 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक त्यांच्या हाताशी आहे. पण परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो, याचा त्यांना दोष देणं सोपं आहे. पालकसभेत आपण काय विचारतो, तेही आठवून पाहा. "पाढे येतात का?" हे सगळे विचारतात. "या आठवड्यात पीटीचे किती तास झाले?" हे कुणी विचारत नाही.

एक गोष्ट मात्र शिक्षकांना हात जोडून सांगतो. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या किंवा उठाबशा, ही शिक्षा बंद करा. जी गोष्ट चांगली आहे असं आपण सकाळी सांगतो, तीच दुपारी शिक्षा म्हणून दिली, तर मुलानं काय समजायचं?

आणि मुली. चौथी-पाचवीत "मुलींनो, तुम्ही सावलीत बसा" असं फार सहज म्हटलं जातं. गणवेशाचा स्कर्ट सांभाळत कुणी सूर मारत नाही. खेळाच्या दिवशी ट्रॅक पँट चालेल एवढी एक सूचना शाळेनं वहीत लिहून पाठवली, तरी निम्मा संकोच जातो.

आता घरची बाजू. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमदार हालचाल सांगते आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट होतील असे खेळ. उड्या, दोरी, लंगडी, झाडावर चढणं, सगळं यात आलं. ही 60 मिनिटं सलग नकोत. शाळेत वीस, संध्याकाळी चाळीस, तरी चालतं. दमदार म्हणजे किती? खेळताना मुलाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. मोकळ्या उजेडात खेळण्याचा डोळ्यांनाही फायदा होतो, लहानपणी चष्मा लागण्याचं प्रमाण कमी होतं. तैवाननं याच कारणासाठी शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर ठेवण्याचा कार्यक्रम 2010 साली सुरू केला. दमा असलेल्या मुलालाही खेळापासून तोडू नका. डॉक्टरांना विचारून, पंप जवळ ठेवून त्यानं खेळावं.

आठव्या वर्षी क्रिकेटच्या अकादमीत घालू का, हा प्रश्न मला हमखास येतो. घाला, परवडत असेल तर. पण त्या वयात एकाच खेळाला जुंपू नका. त्याच त्या हालचालीनं खांदा, गुडघा, टाच दुखायला लागते. टाच सतत दुखत असेल तर "चालायला लागलास की जाईल" म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या. आठवड्यातले दोन दिवस पोहणं, मल्लखांब, नाहीतर नुसती सोसायटीच्या आवारातली लगोरी असू द्या. पार्किंगमध्ये खेळू नका अशी पाटी लावणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे, की संध्याकाळी पाच ते सात तेवढी पाटी उलटी करून ठेवा.

राहता राहिला पावसाळा. कोकणात चार महिने मैदानावर चिखल असतो आणि तास आपोआप रद्द होतो. अशा वेळी व्हरांड्यात जागेवर दोरीच्या उड्या, बेडूकउड्या, ठिकरी, पाठीला पाठ लावून उठणं-बसणं सहज घेता येतं. गलका होईल. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन येतील. त्यांना सांगा, तुमचाही वर्ग दहा मिनिटं बाहेर काढा.